फेब्रुवारीचं तिकीट

मांगेरे, ऑकलंड
३ ऑक्टोबर

आदरणीय सेइनी वन्सं,

तुमच्या भावजयीचा, कालोलाइनेचा, तुम्हाला आणि आईंना नमस्कार. देवाच्या दयेने इथे सगळे बरे आहेत. तुमच्या भावाची पाठ थंडीत धरते, पण ते काही नवीन नाही.

आधी गोड बातमी. आपल्या लुपेचं लग्न ठरलं. मुलगा आपल्याच चर्चमधला, सेमिसी नावाचा, विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. उंच आहे, कमी बोलतो, आणि तुमच्या भावासमोर तर अजिबातच बोलत नाही. शनिवार, २ मार्च ही तारीख धरली आहे.

मार्च का, ते सांगते. मुलीच्या लग्नात बापाची बहीण पहिल्या मानाच्या जागी बसली नाही तर ते लग्न कसलं? म्हणजे तुम्ही आणि आई हव्यातच. मी तिकिटांच्या ऑफिसात चार खेपा घातल्या. डिसेंबरात अर्धं ऑकलंड घरी जायला निघतं, जानेवारीत तेच सगळे परत येतात, तेव्हा भाव आभाळाला. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र विमानं रिकामी उडतात. त्यातही शनिवारपेक्षा गुरुवार स्वस्त. डिसेंबरात एका माणसाचं जे तिकीट, तेवढ्यात फेब्रुवारीत तुम्ही दोघी येता. काउंटरवरची बाई म्हणाली, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असली तर आमचं दुकान बंद होईल.

तेव्हा गुरुवार, २१ फेब्रुवारी, नुकुआलोफाहून. परतीची तारीख ९ मे. पैसे भरून टाकले आहेत. तारीख मात्र बदलता येत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, स्वस्ताईची तेवढी एक अट. तुमच्या हापाई बेटांवरून नुकुआलोफापर्यंत बोटीने याल ना? लहान विमानात आहेराच्या चटयांच्या गुंडाळ्या घेत नाहीत असं नुकुआलोफातली आपली पेसी म्हणत होती.

अकरा वर्षांनी आई आपल्या मुलाला बघणार. ते तिकिटं हातात घेऊन बराच वेळ मागच्या पायरीवर बसले होते.

तुमची
कालो


पांगाई, हापाई
२९ ऑक्टोबर

प्रिय कालो,

पत्र मिळालं. लुपेच्या बातमीने आई इतकी हरखली की विणता विणता पाती चुकली आणि वीतभर उसवावं लागलं. साऱ्या गल्लीला तिने सांगून टाकलं आहे.

तू एवढी धावपळ केलीस ते खरंच मोठं. पण एक विचारू? लग्न एप्रिल-मेनंतर नाही का धरता येणार? लग्नात द्यायच्या चटया अजून व्हायच्या आहेत. केवड्याची पाती यंदा उशिरा वाळली. मोठी चटई बारीक विणीची आहे, ती घाईत केली तर लोक इथून तिथपर्यंत नावं ठेवतील. शिवाय त्या महिन्यांत बोटींचं काही खरं नसतं. निघाली तर निघाली, नाही तर आठ-आठ दिवस धक्क्याला बांधलेली. आईचं वय झालं आहे.

सायाशी बोलून बघ. त्याला म्हणावं, ताईने विचारलं आहे.

सेइनी


मांगेरे
१८ नोव्हेंबर

आदरणीय वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग यांना वाचून दाखवलं. ऐकून ते उठून बाहेर गेले. का गेले ते मला कळलं नाही असं नाही.

रागवू नका, पण स्पष्ट लिहिते. तुम्हाला स्वस्तातलं तिकीट म्हणजे मानात कमी केलं असं वाटलं ना? चटयांना उशीर हे निमित्त. आई आणि तुम्ही मिळून चर्चच्या वर्गणीला तीन महिन्यांत दोन चटया काढल्या होत्यात, मला आठवतं. वन्सं, आम्ही कंजूष नाही. मी वर्षभर दवाखान्याच्या चादरी धुते. जे वाचलं ते लग्नाच्या जेवणात जाणार आहे, माझ्या अंगावर नाही.

मे-जून जमणार नाही. लुपेला थांबता येणार नाही. हॉल ठरला आहे, जेवणाची डुकरं सांगून ठेवली आहेत, पास्टरांनी तारीख लिहून घेतली आहे. याच्यापुढे मला विचारू नका.

तुम्ही आला नाहीत तर मानाच्या जागी कोण बसणार? माझी बहीण बसली तर तुमच्याकडचे लोक जन्मभर आठवण काढतील. तुम्ही मोठ्या आहात. ठरवा.

कालो


पांगाई
६ जानेवारी

प्रिय कालो,

तुझं पत्र नाताळात आलं. उत्तर द्यायला इतके दिवस लागले कारण मी तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. फोन करावा म्हटलं तर टपाल ऑफिसात मागे दहा माणसं कान लावून उभी असतात.

लुपेला का थांबता येणार नाही ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. मूल सुखरूप होवो. आईला मी काही बोलले नाही, पण ती गेल्या आठवड्यापासून एक बारकी चटई विणायला बसली आहे, पाळण्याएवढी. म्हणजे तिला पत्रातल्या कोऱ्या जागाही वाचता येतात.

मानाचं मनात आलं नाही, कालो. गोष्ट वेगळी आहे. मी भिते.

साया तेव्हा तीन वर्षांचा, आजीपाशी घरी होता. मी अकरा वर्षांची आणि फिने सहाची. आई आम्हा दोघींना घेऊन मामाकडून परत येत होती, खोबऱ्याच्या पोत्यांनी भरलेल्या होडीतून. फेब्रुवारीच होता. वारा फिरला आणि होडी प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटली. दिवसाउजेडी, किनारा दिसत होता. पाण्यात फिनेचा हात माझ्या हातात होता. मग एक फळी माझ्याजवळ आली आणि मी फळी धरली. हात दोन असतात, दोन्ही धरता आलं असतं, पण मी दोन्ही हातांनी फळी धरली. एवढंच मला आठवतं. आई आणि मी वाचलो. फिने सापडली नाही.

आईने त्या दिवसानंतर तिचं नावसुद्धा घेतलं नाही. मलाही एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून डिसेंबर ते मार्च मी बोटीत पाय ठेवलेला नाही. लोकांना वाटतं मला समुद्र लागतो.

काल मी आईला म्हटलं, आपण नको जायला. ती म्हणाली, "तू नको येऊस. मी जाते." आणि पुन्हा विणायला लागली.

सेइनी


मांगेरे
२४ जानेवारी

वन्सं,

काय लिहू? या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली आणि फिने हे नाव मी पहिल्यांदा तुमच्या पत्रात वाचलं. मागचं पत्र मी ज्या तोऱ्यात लिहिलं त्याची आता लाज वाटते. माफ करा.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर तिकिटांच्या ऑफिसात गेले. ती बाई चांगली आहे, तिने वर विचारून बघितलं. तारीख हलवायची तर नवीन तिकीट काढण्याएवढेच पैसे. आणि वन्सं, आता लपवत नाही, यांच्या कारखान्यात ऑगस्टपासून आठवड्याला तीनच दिवस काम आहे. तुम्हाला कळवू नको असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणून मी ते गुरुवार-शनिवार करत बसले. हौस नव्हती.

पण मी एक विचार केला आहे. तिकिटाची तारीख हलत नाही, तुम्ही तर हलू शकता. २१ तारखेची वाट कशाला बघायची? फेब्रुवारी लागला की ज्या दिवशी पाणी शांत असेल त्या दिवसाच्या बोटीत बसा. नुकुआलोफात पेसीकडे पंधरा दिवस राहा. तिला मी लिहिलं आहे, ती खोली रिकामी करते आहे. सगळ्यांत चांगला दिवस तुम्ही निवडा. विमान मग आपलं तुमच्यासाठी थांबेल.

यांना फिनेबद्दल विचारलं. म्हणाले, "मला माहीत होतं."

कालो


पांगाई
१६ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय कालो,

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं, तेव्हा दोष तुझ्याकडे नाही.

मंगळवारी, ५ तारखेला, बोट होती. पाणी असं की त्यात तोंड बघून केस विंचरावेत. आम्ही चटया बांधल्या, वाटेत खायला कोनफळ उकडून घेतलं, शेजारच्यांनी गाडीतून धक्क्यावर सोडलं. आईला सामानापाशी बसवून मी तिकिटं काढायला खिडकीकडे गेले. खिडकीपर्यंत गेले नाहीच. शेडच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. भोंगा वाजेपर्यंत तिथेच होते. मग आईकडे येऊन सांगितलं की बोट भरली, घेत नाहीत.

बोट अर्धी रिकामी होती. आईला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. ती म्हणाली, "बरं." आम्ही घरी आलो.

आता परवाची, सोमवारची, शेवटची बोट. ती चुकली तर विमान चुकलं. गुरुवारपासून समोआच्या बाजूला एक वादळ घिरट्या घालतं आहे. रेडिओ म्हणतो ते पूर्वेला जाईल, आपल्याला भीती नाही. बोटीच्या तांडेलाला, फिफितालाही विचारलं. तो म्हणाला, बाई, मी उगाच मरायला निघत नाही. पण काल दुपारपासून वारा उत्तरेचा आहे आणि ओहोटीला खाडीत शिंपले उकरणाऱ्या गावच्या डुकरांनी किनाऱ्यावर यायचं सोडलं आहे.

शांत दिवस मी घालवला. आता जो उरला आहे तो असा आहे. तू पैसे वाचवायला तारीख शोधलीस, आणि मी भिऊन नेमकी सगळ्यांत वाईट तारीख आईच्या वाट्याला आणली.

हे पत्र विमानाच्या टपालात टाकते आहे. तुला मिळेल तेव्हा काय ते झालेलं असेल.

सेइनी


मांगेरे
२२ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्सं,

हे पत्र कुठे पाठवू ते कळत नाही. एक पेसीच्या पत्त्यावर टाकते, आणि हेच उतरवून एक पांगाईला.

काल आम्ही सगळे विमानतळावर होतो. लुपेने फुलांचे हार केले होते. दार उघडलं, माणसं यायला लागली. म्हाताऱ्या बायका दिसल्या की हे पुढे व्हायचे. शेवटी विमानातला नोकरवर्ग बाहेर आला, आपापल्या पेट्या ओढत. सेमिसी तिथेच कामाला, तो आत जाऊन यादी बघून आला. तुमच्या नावांपुढे काही खूण नव्हती.

घरी येताना गाडीत रेडिओ लागला. वादळ वळलं आणि मंगळवारी हापाईवरून गेलं म्हणे. सोमवारी पांगाईहून निघालेल्या बोटीशी संपर्क नाही. बातम्या देणाऱ्याने पुढच्या वाक्यात क्रिकेटचं काहीतरी सांगितलं. यांनी गाडी कडेला घेतली आणि हात चाकावर ठेवून बसून राहिले.

हापाईचा फोन लागत नाही. पेसीकडे लागला. ती म्हणाली धक्क्यावर खूप माणसं जमली आहेत, नक्की कुणालाच माहीत नाही.

वन्सं, तुम्ही बोटीत बसला नसाल असं मी मनाला सांगते आहे. तुम्ही भित्र्या आहात, तुम्ही नक्की बसला नसाल. देवा, ती भिऊन घरीच राहिलेली असू दे, असं मी काल चर्चमध्ये म्हटलं. शेजारच्या बायकांना ऐकू गेलं असेल.

मी किती पैसे वाचवले ते मला पाठ होतं. सगळ्यांना सांगत सुटले होते. सकाळपासून तो आकडा डोक्यातून जात नाही.

जिथे असाल तिथून एक शब्द कळवा.

कालो


नुकुआलोफा, पेसीच्या घरून
२३ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय कालो,

काल फोनवर तीन मिनिटं होती आणि त्यातली दोन तू रडलीस. आम्ही जिवंत आहोत, एवढंच सांगता आलं. चर्चचे एक गृहस्थ सोमवारच्या विमानाने येत आहेत, त्यांच्या हाती हे देते.

सोमवारी सकाळी धक्क्यावर गेलो. वारा होता, पण पाऊस नव्हता. मी आईला म्हटलं, आपण परत जाऊ, तिकीट बुडालं तर बुडालं. आई म्हणाली, "साया अकरा वर्षं वाट बघतो आहे. आणखी अकरा माझ्याकडे नाहीत." आणि कुणाची मदत न घेता फळीवरून चढली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती एकटी बोटीत आणि मी धक्क्यावर, असं किती वेळ होतं माहीत नाही. मग मी चढले. शौर्य वगैरे काही नव्हतं. तिच्याशिवाय धक्क्यावर राहायची भीती जास्त निघाली, इतकंच.

दुपारनंतर आभाळ जांभळं झालं. वादळ वळल्याचं तांडेलाला रेडिओवर कळलं तेव्हा मागे फिरण्याइतकाच वेळ पुढे जायला लागणार होता. त्याने नोमुका बेटाच्या आडोशाला जायचं ठरवलं. तिथे पोचेपर्यंत लाटा डेकवरून आरपार जात होत्या. रेडिओची तार तुटली. खालच्या खोलीत चाळीसएक माणसं, त्यांत बारा लहान मुलं. मंगळवारी सकाळी खाली उतरायच्या भोकावरचं लाकडी झाकण वाऱ्याने उचललं आणि गेलं. प्रत्येक लाट सरळ आमच्या डोक्यावर यायला लागली. पंप अपुरा पडत होता.

तेव्हा आई उठली. उठली म्हणजे रांगत गेली. तिने चटयांच्या गुंडाळ्या सोडल्या. मी म्हटलं, आई, लुपेची आहे ती. तिने ती खलाशांकडे ढकलली. खलाशांनी मोठी चटई दुमडून भोकावर ताणली आणि दोरांनी करकचून बांधली, तिच्यावर दुसरी. ती वीण घट्ट आहे, कालो. पाणी झिरपलं, पण कोसळायचं थांबलं. उरलेल्या चटया मुलांच्या अंगावर टाकल्या. पाळण्याची तेवढी आईने पोटाशी धरून ठेवली.

मी एका खांबाला मिठी मारून बसले होते. मला ओरडता येत नव्हतं, प्रार्थना येत नव्हती. आई माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या कानाला तोंड लावून बोलली. जे बोलली ते तसंच लिहिते.

"फिनेचा हात तुझ्या हातात नव्हता. माझ्या हातात होता."

मी म्हटलं, मला आठवतंय.

"तू अकरा वर्षांची होतीस, तुला काय आठवणार? तू फळीवर होतीस. एका हाताने मी तुझी फळी धरली होती आणि दुसऱ्या हातात ती होती. तिचा हात गार पडला होता. मी सोडला."

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "तू मला कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि म्हणून तू माझ्याशी त्याबद्दल बोलत नाहीस."

कालो, ती खरं बोलली की मी खांब सोडून माणसात यावं म्हणून बोलली, मला कळत नाही. मला अजून माझ्याच बोटांत तिची बोटं आठवतात. आईला पुन्हा विचारायचा धीर नाही.

मंगळवार आणि बुधवार आम्ही नोमुकाच्या आडोशाला दोन नांगरांवर होतो. यंत्र बंद पडलं होतं. गुरुवारी आभाळ उघडलं. दुपारी दूर दक्षिणेच्या आभाळात एक विमान उंच जाताना दिसलं. आई म्हणाली, "गेलं बघ आपलं." शुक्रवारी यंत्र सुरू झालं आणि आम्ही इथे पोचलो. एकही माणूस दगावला नाही. एका म्हाताऱ्याचा हात मोडला आणि सगळ्यांचे आवाज बसले.

तिकिटं संपली. चटया मिठाने कडक झाल्या आहेत, मोठी दोन ठिकाणी फाटली आहे. आम्ही इथे काही दिवस राहून परत जाऊ. मानाच्या जागी तुझ्या बहिणीला बसव. माझी परवानगी आहे.

सेइनी


मांगेरे
२५ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं,

आज सकाळी तुमचं १६ तारखेचं पत्र टपालाने आलं आणि दुपारी त्या गृहस्थांनी २३ चं आणून दिलं. पहिलं वाचून संपतं न संपतं तोच दुसरं हातात पडलं.

परतीच्या विमानाने जाणाऱ्या एका बाईच्या हाती हे देते आहे. नीट वाचा. गुरुवारच्या, २८ तारखेच्या, विमानात तुमच्या दोघींच्या जागा आहेत. पूर्ण भाडं भरलं आहे. या तिकिटाची तारीख हवी तेव्हा बदलता येते. आईंची परतीची तारीख मात्र ९ मे लिहून ठेवली आहे, नाही पटली तर फिरवू. पैसे कुठून आणले म्हणाल, तर हॉल रद्द केला. जेवण आमच्या मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली. हॉलवाल्याने अर्धेच परत दिले तेव्हा हे त्याच्याशी भांडले नाहीत. अर्धे घेतले, सही केली आणि सरळ तिकिटांच्या ऑफिसात गेले. स्वतः. ती बाई मला नंतर म्हणाली, तुमच्या मालकांनी काउंटरवर नुसते पैसे पुढे सरकवले.

काल त्यांनी मला सांगितलं की मी ऑक्टोबरात तारीख धरली तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं. फेब्रुवारी, बोट, ताई. पण काम कमी झालेलं, खिशात पैसे नव्हते, म्हणून गप्प बसले. म्हणाले, "मी स्वस्तात बहीण बुडवायला निघालो होतो." मी म्हटलं, तारीख मी शोधली. तेव्हापासून दोष कुणाचा यावरून आमची ओढाताण चालू आहे. दोघांनाही तो स्वतःकडे हवा आहे.

लुपेला सहावा महिना आहे. सगळ्यांना दिसतंच. मी उगाच लपवत होते.

माझ्या बहिणीला मी बसवणार नाही. जागा रिकामी ठेवीन. पण वन्सं, तुम्हाला यायचं नसेल, विमानाचीसुद्धा धास्ती वाटत असेल, तर नका येऊ. कुणी काही म्हणणार नाही. आणि चटया आहेत तशा आणा.

कालो


मांगेरे
१५ एप्रिल

आदरणीय वन्सं,

लग्न आटोपून तुम्ही परत जाऊन महिना झाला आणि अजून चर्चमधल्या बायका मला त्या चटईबद्दल विचारतात. फाटलेल्या जागी तुम्ही हात ठेवून बसला होतात, ते झाकायला की दाखवायला, यावर त्यांचे दोन तट आहेत. लुपेने ती धुऊ दिली नाही.

आई बऱ्या आहेत. मुलाच्या शेजारी बसून टीव्हीवर कुस्त्या बघतात. दोघंही बोलत नाहीत, पण दिवस मजेत जातो. मूल मेअखेर येईल असं नर्स म्हणते. आईंना मी म्हटलं, तारीख पुढे ढकलू, मूल बघून जा. त्या नको म्हणाल्या. ९ मेलाच जायचं. पाळण्याची चटई लुपेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, माझं काम झालं.

परवा एक तरुण बाई माझ्याकडे आली. वडिलांना आणायचं आहे, फेब्रुवारी स्वस्त पडतो ना, तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणे. मला घाम फुटला. मी विचारलं, वडील राहतात कुठे? नुकुआलोफातच, विमानतळाच्या रस्त्यावर, असं ती म्हणाली. मग मी तिला गुरुवार सांगितला.

एक निरोप आहे, तो तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही लिहिलंत की आता चटया नाहीत, तर आईंना नुकुआलोफाहून लहान विमानाने घरी नेणार, दोन जागा घेऊन ठेवल्या आहेत. मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला बोटीने जायचं आहे. दिवसा. तो खडक डाव्या हाताला लागतो, तो मला बघायचा आहे." मी म्हटलं, वन्सं भितील. त्या म्हणाल्या, "भिऊ दे. ती येते."

कालो


पांगाई
२९ एप्रिल

प्रिय कालो,

निरोप वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. आईवर रागावता येत नाही म्हणून.

मार्चमध्ये परत येताना मी पेसीकडे अकरा दिवस काढले ते तुला सांगितलं नव्हतं. रोज धक्क्यावर जायचं, बोट सुटताना बघायची, घरी यायचं. पेसीचा नवरा रोज जेवताना विचारायचा, आज बंदरातून काय काय गेलं, अधिकारीणबाई? बाराव्या दिवशी चढले. येईपर्यंत कठडा धरून उभी होते. तांडेल फिफिता जवळून जाताना म्हणाला, "बाई, कठडा सोडलात तरी तो पडणार नाही." मी सोडला नाही. खडक आला तेव्हा डोळे मिटून घेतले.

घराचं अर्धं छप्पर गेलं होतं, ते गावाने बसवून दिलं. नीरफणसाचं झाड मुळासकट आडवं झालं आहे, त्याची पानं अजून हिरवी आहेत.

लहान विमानाच्या जागा काल परत केल्या. अर्धेच पैसे देतात. मी सायासारखी गप्प घेऊन आले.

मे महिना तोंडावर आहे, पाणी शांत आहे, इथल्या बायका मला हसतात. हसू देत. काल खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा आतल्या माणसाने दोनदा विचारलं, कुठलं तिकीट, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तिसऱ्यांदा मी बोटांनी दाखवलं.

आई शेजारी असताना डोळे मिटायचं मला जमणार नाही. ती बघेल तेव्हा मलाही बघावं लागेल, आणि तेव्हा मी तिला फिनेच्या हाताचं पुन्हा विचारीन, किंवा विचारणार नाही. ते मला आत्ता माहीत नाही.

तिला विमानात बसवताना शाल दे, तिला आत थंडी वाजते. बाकी काळजी करू नकोस. मी ७ तारखेच्या बोटीने निघते. तिकिटं काढून ठेवली आहेत. जायचं एक, यायची दोन.

सेइनी